‘ताई, तुम्ही तर एकच तिकीट म्हणाला होतात!’ : विमानतळ ते तुळजापूर, प्रवासजोडणीच्या धंद्याचा खरा हिशोब

मागच्या व्हिडिओत हा विषय मी पाच मिनिटांत उरकला होता. आज सविस्तर लिहितेय, कारण यातला हिशोब बोलून कळत नाही, कागदावर मांडावा लागतो.

विषय साधा आहे. बाहेरगावचा माणूस विमानाने पुण्याला उतरतो आणि त्याला तुळजापूरला आईच्या दर्शनाला यायचंय. आपल्या धाराशिवला धावपट्टी आहे, पण रोजचं प्रवासी विमान नाही. म्हणजे त्याला आधी विमानतळावरून पुणे स्टेशन गाठायचं, तिथून रात्रीची रेल्वे पकडून पहाटे धाराशिवला उतरायचं आणि तिथून वीस-बावीस किलोमीटर रस्त्याने तुळजापूर. तीन टप्पे, तीन तिकिटं, तीन ठिकाणी चौकशी. त्या माणसाला काय हवं असतं? एकच तिकीट. ते कुठल्याही खिडकीवर मिळत नाही, म्हणून मला वाटलं आपणच विकावं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी : तुळजापुरात माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि रेल्वेचं अधिकृत एजंट म्हणून तिकीट बुकिंग. बीबीए झाल्यावर नोकरी न करता मी हे सुरू केलं. ट्रेनिंगच्या बॅचेस नंतर आल्या.

२०२३ चा डिसेंबर. बेंगळुरूचं एक कुटुंब, मूळचे आपल्याकडचेच, तुळजाभवानी कुलदैवत. पाच माणसं, त्यात एक आजी. मुलाने फोनवर विचारलं, "ताई, पुण्याला उतरल्यापासून सगळं तुम्ही बघाल का? एकच तिकीट द्या." मी उत्साहात हो म्हटलं. विमानतळावरून टॅक्सी, लातूर एक्स्प्रेसची थर्ड एसीची पाच तिकिटं, धाराशिव स्टेशनवर आमच्या ओळखीच्या काकांची पिवळ्या नंबरप्लेटची गाडी. मग मोबाइलवर एक छान पान डिझाइन केलं, वर दुकानाचा लोगो, खाली मोठ्या अक्षरात ‘विमानतळ ते तुळजापूर : एकच तिकीट’. ते त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि दुकानाच्या ग्रुपवरही टाकलं. खूप अंगठे आले.

विमान रात्री नऊला उतरणार होतं. रेल्वे पुण्यात रात्री बाराच्या पुढे येते. तीन तास हातात, भरपूर झाले, असं मला वाटलं. संध्याकाळी साडेसातला मेसेज आला, विमान चाळीस मिनिटं उशिरा. ठीक आहे. सव्वाआठला आला, अजून तासभर. तरी जमेल असं वाटलं. प्रत्यक्षात विमान टेकलं रात्री पावणेबाराला. सामान मिळेपर्यंत सव्वाबारा. लोहगाव ते पुणे स्टेशन दहा किलोमीटर. पाच माणसं, सात बॅगा, आजींचा हात धरून प्लॅटफॉर्मवर पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती.

फोन मला आला. पाऊण वाजता. पलीकडून मुलगा चिडलेला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही तर एकच तिकीट म्हणाला होतात. मग आता पुढच्या गाडीत बसू का?"

इथे माझी दातखीळ बसली. कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. एकच तिकीट असेल तर एक टप्पा चुकल्यावर पुढचा टप्पा मिळायला हवा. माझ्या त्या रंगीत पानाला पुणे स्टेशनवर काडीची किंमत नव्हती. विमान कंपनीच्या दृष्टीने तिचा प्रवास पूर्ण झाला होता, रेल्वेच्या दृष्टीने प्रवासी आलेच नाहीत. पैसे परत मिळायचाही प्रश्न नव्हता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या चार तास आधीपर्यंत रद्द केलं तरच काही रक्कम मिळायची. म्हणजे निर्णय मला साडेआठच्या आत घ्यायचा होता. आणि साडेआठला मी ‘जमेल बहुतेक’ म्हणत बसले होते.

शेवटी पुण्यातून रात्रीतूनच मोठी टॅक्सी केली. पुणे ते तुळजापूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. साडेसात हजार रुपये. त्यातले अर्धे मी दिले. शिवाय धाराशिव स्टेशनवर पहाटे उभे राहिलेल्या काकांची रिकामी फेरी, आठशे. एकूण साडेचार हजारांच्या वर मला भुर्दंड बसला आणि त्यांची रेल्वेची तीन हजारांच्या घरातली तिकिटं बुडाली ती वेगळी. या सगळ्या उद्योगात माझी कमाई किती होणार होती माहितीय? तिकिटाचे चाळीस आणि पिकअपमध्ये दोनशे. दोनशे चाळीस रुपये!

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "तू नक्की काय विकलंस?" तेव्हा राग आला. पण नंतर मी तोच प्रश्न घेऊन बसले आणि जगात असं जोडतिकीट खरोखर कोण विकतं ते शोधायला लागले.

माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. त्याने सांगितलं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून रेडिंग स्टेशनपर्यंत ‘रेलएअर’ नावाची बस चालते, १९६७ पासून. कोच आणि पुढची रेल्वे मिळून एकच तिकीट काढता येतं. स्टेशनच्या खिडकीवर मागितलं तरी मिळतं. जर्मनीत लुफ्थान्सा तर रेल्वेच्या टप्प्याला विमानासारखा फ्लाइट नंबर देते. एक टप्पा उशिरा झाला आणि दुसरा चुकला तर पुढची सोय कंपनी लावते. २०२२ मध्ये जर्मन रेल्वे विमान कंपन्यांच्या स्टार अलायन्समध्ये भागीदार म्हणून गेली, ती याच कामासाठी. आता यात मला महत्त्वाचं काय वाटलं? दोन तिकिटं एका कागदावर छापणं कोणालाही जमतं, मलाही जमलं होतं. पण साखळी तुटल्यावर उत्तर कोण देणार हे तिथे आधीच ठरलेलं असतं, आणि लोक पैसे त्याचे देतात.

आणि हे आपल्याकडे कधी नव्हतंच असंही नाही. रेल्वेत ‘आउट एजन्सी’ नावाची जुनी पद्धत आहे. ज्या गावाला रूळ नाहीत तिथे रेल्वेने नेमलेला ठेकेदार ऑफिस चालवायचा आणि त्या ऑफिसात रस्ता अधिक रेल्वे असं सलग बुकिंग व्हायचं, माणसांचं आणि मालाचंही. आपल्या भागाला हे पटकन कळेल. बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, पण ती येडशीवरून गेली, जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहिलं. शहराला रेल्वे मिळाली ती ब्रॉडगेज झाल्यावर, लातूरकडून २००७ ला आणि कुर्डुवाडीकडून २००८ ला. माझ्या वयाच्या लोकांनी शाळेत असताना गावात रेल्वे बघितलेली नाही. (आमच्या आजोबांच्या तोंडी ‘कुर्डुवाडीला जाऊन गाडी धरायची’ हे वाक्य कायम असायचं. तेही जोडप्रवासच करत होते, फक्त जबाबदारी स्वतःची होती.)

आजची स्थिती काय? ऑगस्ट २०२३ मध्ये एसटी महामंडळ आणि आयआरसीटीसी यांचा करार झाला, त्यामुळे रेल्वे तिकिटाच्याच कंपनीच्या बस पोर्टलवर एसटीचं आरक्षण मिळायची सोय झाली. चांगली गोष्ट आहे, वापरा. पण नीट समजून घ्या, दुकान एक आहे, तिकिटं दोन आहेत. रेल्वे लेट झाली म्हणून एसटी थांबत नाही. रेल्वे ते रेल्वे असेल तर मात्र थोडा आधार आहे. एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात, आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे मागता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचे तपशील सारखेच पाहिजेत, नाव एका तिकिटावर ‘सुनीता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनिता’ असं चालत नाही. पण विमान लेट झालं आणि रेल्वे चुकली, तर तिथे कोणीच वाली नाही. त्या फटीत आपला धंदा आहे, आणि आपला खड्डाही.

आता पैशांचं बोलू. बॅचमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

पहिली गोष्ट, स्वतःच्या पर्सनल आयडीवरून लोकांची तिकिटं काढून विकू नका. ‘सगळेच करतात’ हे मला सांगू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पर्सनल आयडी घरच्यांसाठी आहे. अधिकृत एजंट व्हा, आणि मग लक्षात ठेवा की तिकिटावर आपल्याला घेता येतात नॉन-एसीला वीस आणि एसीला चाळीस रुपये. त्यावर ‘शंभर सर्व्हिस चार्ज’ चिकटवता येत नाही. शिवाय तत्काळ सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास एजंटला बुकिंग बंद असतं, म्हणून ‘ताई, उद्याचं तत्काळ नक्की मिळेल ना’ याला माझं उत्तर नाही असंच असतं. रेल्वेच्या तिकिटावर घर चालणार नाही, ते गिऱ्हाईक दुकानात आणायचं काम करतं.

मग कमाई कुठे? जोडणीत. पण जोडणीची फी वेगळी, वेगळ्या पावतीवर, वेगळ्या नावाने. मी आता एका ग्रुपला ३५० रुपये घेते. या ३५० मध्ये वेळापत्रक लावणं, विमानावर लक्ष ठेवणं, पर्याय तयार ठेवणं आणि रात्री फोन उचलणं हे येतं. आणि एक लेखी शब्द : जोडणी तुटली तर माझी फी परत, दुसरी सोय लावून द्यायचे पैसे घेणार नाही आणि इकडची पिकअप गाडी दुसऱ्यांदा पाठवायचा खर्च माझा. चुकलेलं तिकीट आणि नवीन टॅक्सी मात्र प्रवाशाची. हे आधी वाचून दाखवते आणि ‘कळलं’ असा मेसेज आल्याशिवाय बुकिंग करत नाही.

हिशोब असा. समजा वीस ग्रुपमध्ये एकाची जोडणी तुटते. तेव्हा माझे जातात ३५० फी आणि ८०० गाडीचे, म्हणजे ११५०. भागिले वीस, दर ग्रुपमागे साधारण ५८ रुपये. ते मी कमाई धरतच नाही. प्रत्येक ग्रुपचे साठ रुपये एका वेगळ्या खात्यात टाकते, घरात त्याला ‘लेट विमानाचा डबा’ म्हणतात. उरले २९०. आता डिसेंबर २०२३ ची पद्धत याच गणितात घाला. तेव्हा एका फटक्यात गेले साडेचार हजार, भागिले वीस, दर ग्रुपमागे सव्वादोनशे. आणि कमाई दोनशे चाळीस. म्हणजे वर्षभर रात्री जागून ग्रुपमागे पंधरा रुपये! किंमत ठरवताना सगळं सुरळीत गेलेला दिवस धरू नका, विसावा दिवस धरून ठरवा.

एसटीचा टप्पा असेल तर ‘सगळे मिळून अमुक रुपये’ असा पॅकेज रेट कधीच देऊ नका. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, महाराष्ट्रातल्या पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे. पाच जणांच्या घरात तीन बायका असतील तर रस्त्याचा खर्च केवढा खाली येतो बघा. तुम्ही एकच आकडा सांगितला तर ही सवलत तुमच्या खिशात गेली असं गिऱ्हाईकाला वाटणार, आणि वाटलंच पाहिजे.

पिकअपची गाडी परमिटवाली, पिवळ्या पाटीची. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावायची नाही. वाटेत काही झालं तर इन्शुरन्सचं काय होईल याचा विचार करा, म्हणजे पुढचं मला लिहावं लागणार नाही.

आता मार्ग. हे तुमच्या तालुक्याप्रमाणे बदलेल, मी तुळजापूरचं सांगते.

पुण्याला रात्री नऊच्या पुढे उतरणाऱ्याला मी रेल्वे सुचवतच नाही. चार तासांचं अंतर नसेल तर सरळ बस. बस चुकली तर दुसरी बस असते, स्वारगेटवरून सोलापूरकडे गाड्या चालूच असतात. आपल्या बाजूची रात्रीची रेल्वे चुकली तर गेली ती दुसऱ्या दिवसावर. दुपारच्या आत उतरणाऱ्याला संध्याकाळची सोलापूर वंदे भारत चांगली. फेब्रुवारी २०२३ पासून आहे, पण आठवड्यातून एक दिवस नसते, तो दिवस बघून घ्या. ती सोलापूरला उशिरा पोचते, म्हणून पुढच्या पंचेचाळीस किलोमीटरची गाडी आधीच सांगून ठेवायची. सोलापूरहून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली, ज्यांना वार जुळतो त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं तेच. आणि नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्यावर माझं बारीक लक्ष आहे, कारण पनवेल–नांदेड एक्स्प्रेस पुणे, कुर्डुवाडी, धाराशिव, लातूर करत जाते. विमानतळाशेजारच्या स्टेशनवरून थेट आपल्या जिल्ह्यात! कळंब, वाशी, भूमच्या पोरापोरींनी हा मार्ग वहीत लिहून ठेवावा.

दोन खड्डे मात्र नक्की सांगायचे आहेत.

एक तारखेचा. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने बारा तारखेला रात्री पुण्याला उतरणाऱ्या घराला लातूर एक्स्प्रेसचं बारा तारखेचं तिकीट काढून दिलं. गाडी पुण्यात रात्री बारानंतर येते. म्हणजे पुण्याहून चढायचं तर तारीख तेरा लागते. ते लोक उतरले तेव्हा त्यांची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच गेली होती. मध्यरात्रीच्या गाडीची तारीख मी आता वारासकट लिहिते : ‘शुक्रवार रात्र उलटून शनिवार’.

दुसरा नावाचा. स्टेशनचं नाव २०२५ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, कोडही ‘यूएमडी’चा ‘डीआरएसव्ही’ झाला. बाहेरचे लोक अजून जुनं नाव शोधतात, मिळालं नाही की ‘तुमच्याकडे रेल्वे नाही’ म्हणतात. वर आपली रात्रीची मुंबईची गाडी काही दिवस लातूरपर्यंत आणि काही दिवस बीदरपर्यंत जाते, दोन्हींचे नंबर वेगळे. एकच नंबर टाकून शोधलं की निम्मे दिवस गाडी दिसतच नाही. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं त्यातलं अर्धं कारण हे आहे, त्यामुळे मी तक्रार करत नाही!

हा धंदा कायमचा आहे का, असं विचारलं जातं. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव नवीन रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. तो झाला की तुळजापूरलाच स्टेशन येईल आणि धाराशिवच्या पिकअपमधले माझे दोनशे रुपये जातील. जाऊ देत. तेव्हा स्टेशन ते मंदिर, लॉज, आजीआजोबांसाठी व्हीलचेअर अशी जोडणी लागेलच. म्हणून यात पैसे गुंतवून स्वतःची गाडी घेऊ नका, असं मी आत्ता तरी सांगते. काकांच्या गाडीला फेरीचे पैसे द्या, हप्ता त्यांचा त्यांच्याकडे.

माझी सध्याची पावती अगदी कळकट दिसते. लोगो लहान. तीन टप्पे तीन ओळीत, प्रत्येकापुढे तिकीट कोणाचं, पैसे परत कोण देणार आणि कधीपर्यंत. खाली एक चौकट, ‘निर्णयाची वेळ’. विमानाची नवी वेळ बघून रेल्वे ठेवायची की सोडायची हे त्या वेळेला मी आणि प्रवासी फोनवर ठरवणार. रद्द करायची मुदत संपण्याच्या अर्धा तास आधीची वेळ मी तिथे हाताने लिहिते. रिफंडचे नियम बदलत असतात, म्हणून ती आठवणीने लिहायची नाही, बुकिंगच्या दिवशी साइटवर बघून लिहायची.

बेंगळुरूचं ते कुटुंब २०२५ च्या उन्हाळ्यात परत आलं. मी पावती पाठवल्यावर मुलाचा मेसेज आला : "या वेळी तीन तिकिटं दिसतायत 😄 बसने येतो." आजी खिडकीजवळ बसून आल्या. त्यांना सकाळी स्टँडवर घ्यायला मी स्वतः गेले होते.

पुढच्या व्हिडिओत या पावतीचा नमुना स्क्रीनवर दाखवते, लिहून घ्या आणि आपल्या दुकानाप्रमाणे बदला. तोवर एक काम करा. आपल्या गावच्या बसस्थानकावर जा, पुणे, सोलापूर आणि लातूरकडून येणारी रात्रीची शेवटची आणि पहाटेची पहिली गाडी कधी येते ते कंट्रोलरला विचारून वहीत टिपा. बोर्डावरचं बघू नका, विचाराच.